चौथ्या वळणाची भिंत

वर्ना सिग्मनला एका जागी बूड टेकून बसणं जमत नसे. चर्चमध्ये ती बाकाच्या टोकाची जागा धरायची, म्हणजे प्रवचन लांबलं तर निदान पाय तरी हलवता यावेत. शाळेत गणित शिकवताना फळ्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून फळ्यापर्यंत तिच्या येरझाऱ्या चालत, आणि मुलं माना फिरवत फिरवत ऐकत. तिची आई ओझेला लेल म्हणायची, "ही पोटात होती तेव्हासुद्धा एका कुशीवर राहिली नाही. हिच्या बापाला वाटलं जुळी आहेत."

शनिवारी तर विचारूच नका. आमच्या या भागात, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरपायथ्याशी, आठवडाभर माणसं मोज्यांच्या गिरण्यांत आणि सोफ्यांच्या कारखान्यांत राबायची आणि शनिवारी दुपार कलली की रेक्स सेट्झरच्या मैदानाकडे निघायची. अर्ध्या मैलाचा, चार वळणांचा डांबरी वळसा, बाहेरच्या अंगाला काँक्रीटची भिंत, आणि दिसायला रस्त्यावरच्या साध्या गाड्यांसारख्या पण आतून पार उलट्यापालट्या केलेल्या मोटारी. स्टॉक कार. सगळ्या डावीकडे वळत, एकमेकींना ढुशा देत, गोल गोल. त्यातली एक निळी गाडी वर्नाच्या नवऱ्याची, हॉइट सिग्मनची. तिच्या चाकामागे बसायचा वर्नाचा धाकटा भाऊ गारलँड.

गारलँड तिच्याहून बराच लहान. बाप लवकर गेला, आई गिरणीत दिवसपाळी करायची, त्यामुळे त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं वर्नानंच केलं होतं. आता तो सोफ्याच्या कारखान्याचा ट्रक चालवायचा आणि शनिवारी बहिणीचा जीव टांगणीला लावायचा. शर्यत सुरू झाली की वर्ना उठायची, आणि माणसांनी भरलेल्या पायऱ्यांच्या मागच्या गल्लीत फेऱ्या मारायची. गाड्या दिसायच्या नाहीत, फक्त आवाज. हॉट डॉग विकणारी बाई तिला दर फेरीला सांगायची, "अजून पळतोय गं तुझा."

एकदा हॉइट म्हणाला, "इतकी तळमळ होते तर खाली ये ना, गाडीपाशी. हाताला काम असलं की बरं वाटतं."

ती खाली गेली, आणि तिथं नवीच बेचैनी तिच्या पदरात पडली.

सराव करून गारलँड आला, खिडकीतून अंग बाहेर काढत करवादला, "मी चाक डावीकडे फिरवतो, आणि ही बया म्हणते, थांब, आधी भिंतीला भेटून येते!"

हॉइटनं पान्याने डाव्या मागच्या चाकावरचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला. गारलँड पुन्हा गेला, पुन्हा आला. आता म्हणे गाडीचं बूड बाहेर पळतं. हॉइटनं अर्ध्यातलं अर्धं परत पिळलं.

"असं का होतं?" वर्नानं विचारलं.

"काय?"

"तू एका कोपऱ्यात स्क्रू पिळतोस आणि गाडी सगळीच बदलते. का?"

हॉइटनं फडक्याला हात पुसले. गाड्यांचा त्याला लहानपणापासून नाद, हातात जादू होती, पण बोलायचं म्हटलं की त्याची जीभ अडायची. "अशीच असते गं ती," तो म्हणाला.

वर्गात कुणी "असंच असतं" म्हटलं तर वर्ना त्याला फळ्यापाशी उभं करायची. नवऱ्याला उभं करता येईना, म्हणून सोमवारी शाळेतून ती तडक त्याच्या गॅरेजात गेली, खिशातला खडू काढला आणि सिमेंटच्या जमिनीवर गुडघे टेकून तिनं एक मोठं वर्तुळ काढलं.

पहिली गोष्ट तिला माहीतच होती, पोरांना दरवर्षी शिकवायची ती. गाडीला वळायचं नसतं. कुठल्याच वस्तूला नसतं. सोडून दिली तर ती नाकासमोर सरळ जाणार. तिला आत ओढणारं काय, तर रबराचे चार तुकडे, प्रत्येकी तळहाताएवढे, आणि थोडाफार रस्त्याचा उतार. वेग दुप्पट केला तर ओढ चौपट लागते. चौपट पकड आणायची कुठून? सगळी शर्यत एवढ्या एका प्रश्नात होती. इंजिनं सगळ्यांचीच सारखी. सरळ पट्ट्यावर जिंकत कुणीच नव्हतं. जो वळणात कमी हळू व्हायचा तो पुढे जायचा.

मग टायर. हॉइटकडे जुने वजनकाटे होते; एकेका चाकाखाली एकेक ठेवून दोघांनी गाडी तोलली. टायरवर भार दुप्पट टाकला म्हणजे पकड दुप्पट होते असं वर्नाला वाटलं होतं. तसं नव्हतं. वाढते, पण हात आखडून. म्हणजे एकाच चाकावर सगळं ओझं घालण्यापेक्षा दोघांत वाटलं तर एकूण पकड जास्त. वळणात गाडी उजवीकडे कलते, उजवी चाकं चेपली जातात, डावी नुसती पाहुण्यासारखी येतात. तेव्हा उभ्या गाडीतच वजन डावीकडे नेऊन ठेवायचं, जितकं खाली जमेल तितकं खाली.

"हे मी करतोच की," हॉइट म्हणाला. "शिशाच्या लाद्या डावीकडेच असतात."

"करतोस. पण किती ते अंदाजाने."

"अंदाजानेच तर पोट भरतंय आपलं."

स्क्रूचं कोडं मात्र तिला जेवायच्या टेबलावर सुटलं. शहरातल्या खाणावळीत एक डुगडुगणारं टेबल होतं. हॉइटनं एका पायाखाली कागदी रुमालाची घडी सरकवली आणि वर्ना तोंडातला घास तसाच ठेवून ओरडली, "तिरपं!"

"काय तिरपं?"

"एक पाय उंच केलास की भार त्याच्यावर आणि त्याच्या तिरप्या समोरच्यावर जातो. बाकीचे दोघे नुसते लोंबकळतात. तुझा स्क्रू म्हणजे हा रुमाल! तू डावं मागचं चाक पिळतोस आणि भार जातो उजव्या पुढच्याला. ते बिचारं ओझ्यानं घसरतं, म्हणून गाडी भिंतीकडे जाते."

हॉइटनं टेबलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "जेव आता," तो म्हणाला. पण त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

ती वाढणाऱ्या पोरीकडून चहाचे कागदी पेले मागून घ्यायची आणि टेबलावर आडवे लोटायची. तोंड मोठं, बूड लहान, म्हणून पेला सरळ न जाता गोल फिरायचा. गाडीची मागची दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधलेली; वळणात बाहेरच्या चाकाला लांबचा रस्ता. तर मग बाहेरचं चाक मोठंच का नको? हॉइट मोठंच लावायचा, आमच्याकडे सगळेच लावतात. पण किती मोठं, हे वर्नानं वळणाचा घेर आणि दोन चाकांमधलं अंतर घेऊन काढलं. शर्यतीत टायर तापून फुगतो, त्यातल्या हवेत दमटपणा असेल तर मनाला येईल तसा फुगतो, हेही तिनं धरलं, आणि हॉइटला कोरडा नायट्रोजन भरायला लावलं.

त्या उन्हाळ्यात निळी गाडी वर सरकत गेली. गारलँड आधी तिसरा आला, मग दुसरा, आणि ऑगस्टमधल्या एका चिकट संध्याकाळी पहिला. गाडीच्या टपावर उभा राहून तो ओरडला, "ही वर्नीची गाडी आहे! मी फक्त हमाल!" लोक हसले. रस्टी हेफनर नावाचा त्याचा जुना प्रतिस्पर्धी होता, लाल केसांचा, तोंडाळ. तो म्हणाला, "अरे, आता शर्यत जिंकायला मास्तरीण लागते होय? माझी बायको पाचवीत नापास झाली, माझं कसं व्हायचं?"

वर्नाही हसली. पण जिवाला स्वस्थता अशी आली नाही. उलट आता गाडी पळताना ती बोटं मोडत पुटपुटायची, तापमान, दाब, कोन. निदान पूर्वी तिला काहीच कळत नव्हतं. आता प्रत्येक फेरीत कुठं काय बिघडू शकतं याची यादीच तिच्या डोक्यात फिरत राहायची.

सप्टेंबरमध्ये ते घडलं. लखलखीत ऊन होतं. गारलँड दुसरा होता, तिसऱ्या वळणातून चौथ्यात शिरत होता. उजव्या पुढच्या टायरचा फाट्‌कन आवाज आला आणि गाडीनं वळणं सोडलं. नाकासमोर, पट्टीनं रेघ मारावी तशी ती सरळ गेली आणि भिंतीवर आदळली.

आवाज फार मोठा नव्हता. वर्नाला नंतर पुष्कळ दिवस तेच खटकत राहिलं, की आवाज एवढासा होता.

गाडी तिथंच थांबली. उडाली नाही, फिरली नाही. शर्यतीत चालक धडधाकट असला की खिडकीची जाळी आतून खाली सोडतो. सगळं मैदान त्या जाळीकडे बघत राहिलं. जाळी हलली नाही. ओझेला पायऱ्यांवर बसली होती, तिनं हातातली पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली.

गारलँड वाचला. मानेचा मणका मोडला होता, कवटीच्या बुडाशी चीर गेली होती. डॉक्टरांनी त्याच्या डोक्याभोवती लोखंडी कडं बसवलं, कित्येक आठवडे तसं ठेवलं, आणि मानेतली हाडं एकमेकांना जखडून टाकली. "आसनाच्या पट्ट्यांनी धड धरलं," डॉक्टर वर्नाला म्हणाले. "डोक्याला कुणी धरलं नव्हतं. ते पुढे जात राहिलं."

वर्ना इस्पितळातून गॅरेजात आणि गॅरेजातून इस्पितळात अशी फिरत राहिली. जमिनीवरचं सगळं गणित तिनं पुन्हा मांडलं. दाब जास्त झाला का? पुढच्या चाकावर भार राहिला होता का? ऊन धरायचं चुकलं का? खडूच्या भुकटीनं तिचे गुडघे पांढरे झाले. एक दिवस हॉइट फाटका टायर घेऊन आला आणि त्यानं तो तिच्यापुढे ठेवला.

"बघ. इथं आत." त्यानं फाटीत बोट घातलं. "बोल्ट घुसला होता. कुणाच्या तरी गाडीतून पडलेला. आपल्या गाडीचा नाही, मी ताडून पाहिलं."

"मग माझं काय चुकलं?"

"काही नाही."

"असं कसं काही नाही?"

"वर्ना, रस्त्यात बोल्ट होता. गारलँड त्याच्यावरून गेला. एवढंच."

ती त्याच्यावर चिडली, अगदी लाल झाली. तिची चूक निघाली असती तर ती खोडता आली असती. रस्त्यातल्या बोल्टचं करायचं काय? त्याला समीकरणाच्या कुठल्या बाजूला लिहायचं? तिनं चिंध्या ओल्या करून जमीन पुसून काढली आणि वर्गात मुलांवर इतकी खेकसायला लागली की मुख्याध्यापकांनी तिला दोन दिवस रजा घ्यायला सांगितलं. रजेत तर तिला घर खायला उठलं.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळे ओझेलाकडे जमले. गारलँडच्या गळ्यात ताठ पट्टा होता. टर्की कापून झाली, रताळ्याचं भांडं फिरलं, आणि तो सहज बोलावं तसा म्हणाला, "वसंतापर्यंत गाडी होईल ना रे हॉइट, तयार?"

हॉइटनं काटा ताटात ठेवला.

"डॉक्टर म्हणतात, हाड पक्कं जुळलंय. मान उजवीकडे वळणार नाही फारशी, एवढंच. पण मी म्हणतो, आपल्याला वळायचं असतं कुठं? डावीकडेच ना?"

हॉइटच्या नाकातून हसू फुटलं, त्यानं ते रुमालात दाबलं. ओझेला उठली, मोरीपाशी गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली. वर्ना म्हणाली, "तुझं डोकं आपटलं तेव्हा आतलं सगळं सांडलं वाटतं."

"वर्ने, मी ट्रक चालवतो आठवडाभर. सोफे पोचवतो. एका माणसाला दिवाणखान्यात आरामात बसता यावं म्हणून मी पाच दिवस खपतो. मला एक दिवस दे."

कुणाचं जेवण संपलं नव्हतं तरी वर्नानं ताटं गोळा करायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच मैदानावर गेली. मोसम संपलेला, फाटक नुसतं लोटलेलं. ती चालत चौथ्या वळणाशी गेली. भिंतीवर निळ्या रंगाचा ओरखडा होता, आणि बस. एक टवकासुद्धा उडालेला नव्हता. तिनं त्यावरून हात फिरवला. गार, गुळगुळीत. भिंतीनं काहीच घेतलं नव्हतं. सगळं गाडीनं घेतलं होतं, आणि उरलेलं गारलँडच्या मानेनं.

इतके दिवस ती गाडी भिंतीकडे का गेली हे शोधत होती. ती इतक्या लवकर थांबली का, हे तिनं विचारलंच नव्हतं. नुसता वेग माणसाला मारत नाही. थांबायला जागा मिळत नाही म्हणून माणूस मरतो. गाडीचं नाक हातभर चेपलं, तेवढ्या हातभर जागेत सगळा वेग संपवावा लागला. भिंतीनं आणखी हातभर माघार घेतली असती तर? अंतर दुप्पट, तडाखा निम्मा. गणित सातवीतल्या पोराला येईल असं होतं. ती तिथून निघाली ती थेट रेक्स सेट्झरच्या दारात.

सेट्झर सत्तरीचा, जाडजूड, दात कोरत बोलणारा. मैदान त्याच्या बापानं मक्याच्या शेतात काढलेलं. "मिस वर्ना," तो म्हणाला, "भिंत पब्लिकसाठी आहे. गाडी पायऱ्यांवर चढू नये म्हणून."

"पब्लिकला वाचवते, मान्य. आतल्याला कोण वाचवतं?"

"आतल्याला देव आणि पट्टा."

"पट्ट्याचं बघितलं मी. देवाचं तुम्ही बघा. भिंतीचं मला बघू द्या."

शेवटी तो म्हणाला, फक्त चौथं वळण, सामान तुमचं, आणि एकाही चालकानं कुरकुर केली तर दुसऱ्या दिवशी सगळं उखडायचं.

आमच्या गावात फोमला काय तोटा! गारलँडच्या कारखान्यामागे सोफ्याच्या गादीचे कापलेले तुकडे डोंगराएवढे पडलेले असत. हॉइटनं ते पोत्यात भरून आणले, मैदानाबाहेरच्या उतारावर एका जुन्या भिंतीला बांधले, आणि एका मोडक्या पिकअपच्या आसनावर वाळूचं पोतं बसवून ती उतारावरून सोडून दिली. रस्टी हेफनर आणि त्याची मंडळी मुद्दाम खुर्च्या टाकून बघायला बसली होती.

पिकअप फोमवर आदळली, आत घुसली, क्षणभर थांबली आणि आली त्याच वेगानं परत फिरली. हॉइटनं उडी मारली म्हणून वाचला. त्याच्या हत्यारांच्या पेटीवरून ती गेली आणि खड्ड्यात पडली.

"वर्नाचा सोफा!" रस्टी मांड्या थोपटत ओरडला. "बसलं की उठवून लावतो!"

ते नाव चिकटलं. दुकानात, चर्चमध्ये, शिक्षकांच्या खोलीतसुद्धा कुणीतरी विचारायचंच, "काय गं, सोफा कुठवर आला?" वर्ना वरवर ऐकून घ्यायची आणि आतून धुमसायची. चूक तिच्या लक्षात आली होती. गादी दबते आणि पुन्हा फुगते. घेतलेलं सगळं परत करते. गाडीचा वेग परत नको होता. तो कायमचा गिळून बसेल असं काहीतरी हवं होतं.

ते तिला आईच्या घरी सापडलं. ओझेलानं नवं धुण्याचं यंत्र घेतलं होतं आणि खोक्यातले थर्मोकोलचे ठोकळे जिन्याखाली रचले होते. वर्नानं एकावर अंगठा दाबला. खळगा पडला. ती बघत राहिली. खळगा भरून आला नाही.

"आई, हे दबलं की दबलेलंच राहतं!"

"बरं मग?" ओझेला म्हणाली. "तुझ्या बापाची टोपीही तशीच होती."

दुसऱ्या वेळी पिकअप परत फिरली नाही, पण ठोकळ्यांत नाक खुपसून बसली आणि मागचा भाग गर्रकन फिरून भिंतीवर आपटला. या खेपेला रस्टी हसला नाही, कारण आसनावरचं पोतं दारातून बाहेर येऊन फाटलं होतं आणि वाळू त्याच्या बुटांपर्यंत आली होती. मार्ग हॉइटनं काढला. तो म्हणाला, "गाडी अडवायची नाही. थोडी दबू द्यायची आणि भिंतीच्या कडेनं पुढे सटकू द्यायची." त्यानं ठोकळ्यांवर लोखंडी पत्रे चढवले, माशाच्या खवल्यांसारखे, एकाची कड दुसऱ्याखाली, गाड्या पळतात त्या दिशेनं. तिसऱ्या वेळी पिकअप दबली, पत्र्यावरून करकरत घसरली आणि पुढे जाऊन थांबली. पोतं जागेवर होतं. हिवाळा संपायच्या आत दोघांनी चौथं वळण तसंच मढवलं.

गारलँडसाठी वर्नाची आणखी एक अट होती. शिरस्त्राणाला दोन पट्टे लावून ते खांद्यांना बांधायचे, म्हणजे धड थांबलं की डोकंही थांबेल. तो ऐकेना. "मी बैल आहे का? रस्टी मला दावं लावलेला बघून मरेल."

पट्टे ओझेलानं शिवले. आयुष्य मोज्यांच्या गिरणीत गेलेल्या त्या बोटांनी जाड पट्ट्यावर दुहेरी टाके घातले. मग ती लेकाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "तू बांधतोस, की मी शनिवारी मैदानात उतरून सगळ्यांच्या देखत बांधू? तोंड पुसायला रुमालही घेऊन येईन."

गारलँडनं बांधले.

वसंतात तो पुन्हा पळाला. वर्ना वळणापाशी तारेच्या कुंपणाला बोटं अडकवून उभी होती. तो मधल्या घोळक्यात आला, कुणाच्या लक्षात येणार नाही असा. उजवीकडून येणारी गाडी त्याला दिसत नव्हती, मान वळत नव्हती, म्हणून तो जागा सोडत होता. जेवायला बसल्यावर त्यानं ते कुणाला सांगितलं नाही, आणि वर्नानंही विचारलं नाही.

मग मेमध्ये रस्टी हेफनर भिंतीवर गेला. कुणीतरी मागून ढुशी दिली, गाडी फिरली आणि पुऱ्या वेगात चौथ्या वळणावर आदळली. पत्रे किंचाळले, थर्मोकोलचा पांढरा चुरा हवेत उडाला, गाडी भिंतीला घासत पुढे गेली आणि थांबली. जाळी खाली पडली. रस्टी खिडकीतून बाहेर आला, दोन पावलं लंगडला, भिंतीला लाथ घातली आणि ढुशी देणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागला.

तोवर वर्ना कुंपण ओलांडून पोचली होती. हातात मोजपट्टी. ती पत्र्याला पडलेल्या खड्ड्यात हात घालून खोली मोजायला लागली.

"मिस वर्ना!" रस्टी ओरडला. "आधी मी जिवंत आहे का, ते तरी विचारा!"

"शिव्या देतोयस म्हणजे आहेस. बाजूला हो, प्रकाश अडवतोयस."

त्यानं आपली मान चोळली. मग खड्ड्याकडे पाहिलं. "दबला की हो सोफा," तो म्हणाला, आणि लंगडत निघून गेला. पुढच्या शनिवारी त्याची बायको ओझेलाच्या दारात उभी होती, हातात पट्ट्याचं भेंडोळं घेऊन. "असेच शिवून द्याल का," तिनं विचारलं, "पण त्याला सांगू नका मी आले होते."

त्या मोसमाच्या अखेरीस गारलँड स्वतःच उतरला. कुणी सांगितलं नव्हतं. शर्यत संपली, तो गाडीतून बाहेर आला, हातमोजे काढून हॉइटला दिले आणि म्हणाला, "उजवी बाजू दिसत नाही रे. आज एका पोराला मी भिंतीत घातलं असतं." मग तो पायऱ्यांवर आईशेजारी जाऊन बसला. ओझेलानं त्याला आपल्यातली अर्धी सफरचंदाची पुरी दिली.

सगळ्यांना वाटलं, आता वर्ना शांत होईल. हॉइटला तर फार वाटलं. रविवारी चर्चमधून आल्यावर दोघं व्हरांड्यात बसले, म्हणजे तो बसला. ती कठड्याशी उभी होती, कठड्यावर बोटं वाजवत.

"रस्टी मेला असता का रे, नुसत्या काँक्रीटवर?" तिनं विचारलं.

"कुणास ठाऊक."

"तेच म्हणते मी. मला कळणारच नाही. कोन वेगळा होता, गाडी आडवी गेली होती. कदाचित नुसता खांदा निखळला असता. गारलँड आदळला ती भिंत वेगळी, रस्टी आदळला ती वेगळी. तुलना कशाशी करू? दोनदा तर कुणी आदळत नाही."

"कळून करायचंय काय? लंगडत घरी गेला ना तो?"

"आणि तिसऱ्या वळणाचं काय? आणि पावसाचं पाणी पत्र्यामागे जातंय, ठोकळे कुजतात खालून, बघितलेस तू?"

"वर्ना. बस जरा. एकदा बस."

ती बसली. चहाचा एक घोट घेतला, दुसरा घेतला. मग पेला खाली ठेवून तिनं खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली.

रेक्स सेट्झर मैदानाच्या कचेरीत मोसमाचा हिशेब आवरत होता. खिडकीतून त्यानं तिची गाडी फाटकातून शिरताना पाहिली आणि तो मागच्या दारानं निसटला. पण वर्नानं तोवर आपली गाडी कचेरीमागे त्याच्या गाडीला आडवी लावली होती, आणि ती बॉनेटला टेकून उभी होती, हातात थर्मोकोलचा एक ओला, बुरसलेला ठोकळा घेऊन.

"मिस्टर सेट्झर," ती म्हणाली, "तिसऱ्या वळणाबद्दल बोलायचं होतं."